पाच गाठींचा सामता

अकोल्याच्या पुंजाराम लोहाराच्या हातून जन्मभरात मान खाली घालावी अशा गोष्टी चारदोनच घडल्या असतील, पण त्यातल्या तीन एकाच शनिवारी घडल्या. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेलीच माणसं असं काही करून बसतात आणि मग जन्मभर तेच चघळत राहतात.

दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊबंदांची लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडे वऱ्हाडच्या काळ्या मातीचं नशीब उघडलं. लढाई संपून तीन वर्षं झाली तरी लोकांची चटक संपली नव्हती. ज्याच्या स्वतःच्या पायात धड जोडा नाही तोही बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लावून बाजारात मिरवत होता. आगगाडी अकोल्याला येऊन दुसरं वर्ष लागलं होतं, आणि स्टेशनाजवळच्या मैदानात मुंबईच्या एका शेठने रुईच्या गाठी दाबायचा मोठा लोखंडी पेच बसवायला घेतला होता.

आता कोणी म्हणेल, या गोष्टीत भोकाचं काय काम? तर बाबांनो, गाडी घ्या, कुलूप घ्या, बंदूक घ्या नाहीतर पेच घ्या, सगळं शेवटी भोकांवर उभं असतं. भोक चुकलं की खिळा चुकला, आणि खिळा चुकला की सगळंच गेलं. धातूला भोक पाडायचं जे पोलादी टोक असतं, त्याला सामता म्हणतात. बरम्याच्या तोंडात सामता बसवायचा आणि दांडा फिरवायचा. आणि सामते करावेत तर किल्ल्यामागच्या इनायतुल्लाचाचाने, असं सारं वऱ्हाड म्हणायचं. अमरावतीचे तांबट त्याच्याकडून सामते नेत, अकोटचे बंदुका दुरुस्त करणारे नेत, नांदगाव खंडेश्वरचे चाकांना धावा बसवणारेही नेत.

चाचा म्हणायचा, हात पाहून बांगडी भरावी तसा धातू पाहून सामता घडवावा. तांबं चिकट, त्याला तीक्ष्ण धारेचा सामता आणि वरून दुधाची बारीक धार. पितळेला धार मारलेला, थोडा बोथट. तीक्ष्ण लावला तर तो आत घुसून हिसका देतो आणि माणसाचं मनगट मोडतो. साध्या लोखंडाला तेल. पोलादाला तेल आणि धीर. आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ते सगळ्यांत फसवं. बाहेरून दणकट, आतून गुळाच्या ढेपेसारखं कणीकणी. त्याला ठणठणीत कडक टोक लागतं आणि ते कोरडंच चालवावं लागतं.

कोणता सामता कशाचा हे कळावं म्हणून चाचा त्यांच्या मानेला सुताच्या गाठी मारायचा. तांब्याला एक, पितळेला दोन, लोखंडाला तीन, पोलादाला चार आणि बीडाला पाच. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याची हौस. खरं कारण एकट्या पुंजारामाला ठाऊक होतं. चाचाला जवळचं दिसेनासं झालं होतं.

लांबचं त्याला छान दिसे. भट्टीतल्या लोखंडाचा लाल रंग तो पाच हातांवरून अचूक ओळखी. पण सामता घडवण्याआधी पोलादाचा एक तुकडा तापवून, पाण्यात विझवून, मोडून पाहावा लागतो. मोडल्या जागी दाणा बारीक दिसला तर ताव बरोबर बसला. साखरेसारखा जाडा दिसला तर पोलाद जास्त तापलं, ते काचेसारखं फुटणार. हे डोळ्याजवळ धरून पाहायचं काम. दोन वर्षं चाचा तुकडा मोडायचा, पुंजारामाच्या हातात द्यायचा आणि हळूच विचारायचा, "बेटा, दाना कसा हाय?"

पुंजाराम सांगायचा आणि चाचा त्यावर विसंबून काम करायचा. पहिल्या दिवशीच त्याने सांगून ठेवलं होतं, "हे तुह्या-माह्यात राहू दे. लोकायले कळलं का इनायतुल्लाची नजर गेली, तर माहा सामता कोन घेईन?"

पुंजारामाचा बाप लवकर गेला. घरचं काम त्याला नाल ठोकण्यापुरतं आणि विळे करण्यापुरतं येत होतं, बाकी सगळं तो चाचाच्या भट्टीवर शिकला होता. बारा वर्षं तो तिथे बसला. चाचाची बायको हलीमाबी त्याच्यासाठी वेगळ्या गडव्यात पाणी भरून ठेवी, त्याचा धर्म राहावा म्हणून. एवढं सांभाळणारी माणसं ती.

तर शेठच्या पेचाचा खालचा पाट बीडाचा होता, आणि मुंबईहून आला तो काठाची दोन भोकं न पाडताच आला. शेठचा कारकून वामनराव डोक्याला हात लावून बसला. पुंजाराम छाती पुढे काढून म्हणाला, "मी पाडतो, रावसाहेब." बीडाला त्याने उभ्या जन्मात भोक पाडलं नव्हतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

चाचाने एकाच कांबीतून पाच गाठींचे दोन सामते घडवले. मोडलेल्या तुकड्याचा दाणा पुंजारामानेच पाहिला होता, मैद्यासारखा बारीक. सामते त्याच्या हाती देताना चाचा म्हणाला, "सुन बेटा. बीड कोरडं चालवजो. तेल नाई, पानी नाई, थुका बी नाई. अन् दाब हळू दे. म्हाताऱ्याचं हाड समज, जोर केला का गेलं."

भोक पाडायचा दिवस नेमका शनिवार निघाला. वामनरावाने नारळ फोडला, समई लावली, पेचाला हळदकुंकू लावलं. बघ्यांना काय, रिकामपण भरपूर. त्यांत अकोटचे खुशालराव पाटील पुढे पाय पसरून बसले होते. कापसाने त्यांना गेल्या पाच वर्षांत बोलायची फार सवय लावली होती.

दोन गडी बरम्याचा दांडा फिरवू लागले. पुंजाराम वरच्या सागाच्या तरफेवर हात ठेवून दाब देत होता. चाचाने सांगितल्याप्रमाणेच चाललं होतं. काजळासारखी काळी कोरडी भुकटी भोकातून वर येत होती, सामता इमानाने उतरत होता.

तेवढ्यात खुशालराव बोलले, "काहून रे पुंजाराम, तेल नाई घातलं? शनवार हाये आज. शनवारी लोखंडाले कोरडा हात लावते का लोहाराचं पोट्टं? तुहा बाप तर पळीभर तेल ओतल्याबिगर घन उचलत नोयता."

ते खरं होतं. पुंजारामाच्या बापाचा तसा नेमच होता.

"बीडाले तेल चालत नाई, पाटील," पुंजाराम म्हणाला.

"कोनं सांगतलं?"

"इनायतुल्लाचाचानं."

"वा! म्हनजे आता शनवारचा नेम तुले चाचा शिकवते?"

सगळे खो खो हसले. हसणं म्हणजे काही मार नव्हे, अंगाला लागत नाही. पण पुंजारामाचे कान तापले. चाचाची शिकवण त्याला मनापासून पटलेली होती आणि बापाचा नेम नुसता आठवत होता, तरी चारचौघांच्या हसण्यापुढे त्याने पटलेलं सोडलं. समईतलं तेल घेऊन पळीभर भोकात ओतलं. खुशालरावांनी मान डोलावली.

भुकटीचा आणि तेलाचा चिखल झाला. सामता त्यावर नुसता घसरू लागला. दांडा गरागरा फिरतोय आणि भोक तिथल्या तिथे. खरं तर थांबायचं, चिखल पुसायचा, कोरडं करून पुन्हा लावायचं, हे काय पुंजारामाला कळत नव्हतं? पण थांबणं म्हणजे पाटलांसमोर चूक कबूल करणं. त्याने तरफेवर छाती टेकली. तरी उतरेना, तेव्हा एका गड्याला वर बसायला सांगितलं.

टण्णकन आवाज झाला आणि भोकापासून काठापर्यंत पाट तडकला.

वामनरावाचा चेहरा पांढराफटक पडला. पुंजारामाने सामता मुठीत झाकूनच बाहेर काढला. त्याला काहीही झालं नव्हतं, टोक जसंच्या तसं होतं. "पाहतो काय झालं ते," असं पुटपुटत तो रुईच्या बोजांमागे ठेवलेल्या ऐरणीकडे गेला. तिथे त्याने सामता धोतराच्या सोग्याने पुसला, तेलाचा वासही राहू नये म्हणून राखेने घासला, ऐरणीवर आडवा धरला आणि एकच घाव घातला. कडक पोलाद ते, टिचकन मोडलं. मोडल्या जागी दाणा मैद्यासारखा बारीक होता. ते पाहूनही तो दोन तुकडे घेऊन लोकांसमोर आला.

"सामताच खोटा निंघाला, रावसाहेब. आत मोडला म्हनून पाट गेला."

"इनायतुल्लाचा सामता खोटा?" वामनरावाला खरं वाटेना. "असं कधी झालेलं नाही."

आणि तेव्हा पुंजाराम ते बोलला. कोणी विचारलंही नव्हतं. "चाचाले आता दिसत नाई बरोबर. दोन वर्सं झाली."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. पण माणूस तोंड वाकडं करून, दुःखी होऊन सांगू लागला की लोक अंगणाकडेच बघतात. संध्याकाळच्या आत साऱ्या अकोल्यात झालं, इनायतुल्लाची नजर गेली.

दिवस मावळायच्या आधी पुंजाराम चाचाकडे गेला. जायला नको वाटत होतं, पण न जाणं जास्त उघडं दिसलं असतं. चाचा भट्टीपुढे बसला होता, भट्टी विझलेली होती. बातमी त्याच्या आधी पोचली होती. चाचाने हात पुढे केला आणि पुंजारामाने त्यावर ते दोन तुकडे ठेवले. म्हाताऱ्याने मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, तुकडा डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग नेहमीप्रमाणे तो पुंजारामापुढे धरला.

"बेटा, दाना कसा हाय?"

अजूनही वेळ गेली नव्हती. एक शब्द पुरला असता. पुंजारामाने तुकड्याकडे पाहिलं, मैद्यासारख्या बारीक दाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाडा. साखरेवानी."

चाचाने डोळे मिटून घेतले. मग तो म्हणाला, "म्हनजे लाल रंगबी गेला आता. ताव जास्त झाला अन् मले समजलं नाई. बेटा, माह्यापायी तुही चारचौघांत नाचक्की झाली. माफ कर."

आणि त्याने पुंजारामापुढे हात जोडले. सत्तरीच्या उस्तादाने, बारा वर्षं ज्याने शिकवलं त्याने. त्या जोडलेल्या हातांपुढे पुंजारामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही तो बोलला नाही. चाचाने सामत्यांची गुंडाळी त्याच्या ओटीत घातली, सगळे सामते, एका गाठीपासून पाच गाठींपर्यंत, आणि ते दोन मोडके तुकडेही. "आता तूच कर हे काम," म्हणाला. दोन दिवसांनी हलीमाबीने भांडीकुंडी बांधली आणि दोघं अमरावतीला मुलीकडे, नईमाकडे, निघून गेली.

पुढचे सहा आठवडे पुंजारामाची चलती झाली. चाचा गेला म्हटल्यावर सामत्यांसाठी लोक त्याच्याच दारात येऊ लागले. जो येई तो म्हणे, "बरं झालं बाबा, तू हायेस." पुंजाराम मान हलवी. त्याची बायको सत्यभामा ताटात वाढी आणि तो भाकरीचे तुकडे मोडत बसे. एकदा ती म्हणाली, "खाऊन नाई राह्यले तुमी, नुसतं मोडून राह्यले. काय झालं सांगाल का?" मोडणं हा शब्द ऐकला आणि तो ताटावरून उठला.

मग मुंबईहून दुसरा पाट आला. पुंजारामाकडे पाच गाठींचा दुसरा सामता होता, त्याच कांबीतला, त्याच तावातला. तो त्याने बरम्याला लावला. या वेळी तेलाचं भांडं आसपाससुद्धा नव्हतं. कोरडी काळी भुकटी वर येत राहिली, दाब हळू राहिला आणि दोन्ही भोकं अशी पडली की वामनरावाने आत बोट फिरवून पाहिलं आणि हसला.

"याला म्हणतात कारागीर! तेव्हाच त्या म्हाताऱ्याच्या नादी लागला नसतास तर सहा आठवडे वाचले असते."

खुशालराव होतेच. त्यांनी पाठीवर थाप मारली. "हा सामता तुह्या हातचा ना?"

पुंजारामाच्या हातात तो सामता गरम होता आणि बोटांना पाच गाठी लागत होत्या. "हो" त्याच्या तोंडून निघालं नाही, पण "नाई" पण निघालं नाही. आजूबाजूला सगळे वाहवा करत होते आणि त्याला वाटत होतं की कोणीतरी आपल्या तोंडावर थुंकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो बडनेऱ्याला उतरला आणि तिथून तीन कोस चालत अमरावतीला गेला. नईमाचं घर परकोटाच्या आत होतं. चाचा उंबऱ्याशी बसून अंबाडीचा दोर वळत होता. दोर वळायला डोळे लागत नाहीत. चालण्यावरूनच त्याने ओळखलं. "पुंजाराम? ये बेटा, ये. काम कसं चाललं?"

पुंजाराम समोर जमिनीवर बसला. कमरेच्या पंच्यातून त्याने मोडका सामता काढला आणि म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"चाचा, दाना बारीक व्हता."

"कोन्ता दाना?"

"या सामत्याचा. मैद्यावानी बारीक. तुमचा ताव बरोबर व्हता. मी तेल ओतलं, मीच पाट फोडला. सामता मोडला नोयता, मी मोडला, ऐरनीवर. अन् तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो."

एका दमात बोलून त्याने मान खाली घातली आणि वाट पाहू लागला. शिवी येईल, थप्पड येईल, चाचा तो तुकडा तोंडावर फेकेल. काहीही आलं असतं तरी त्याने डोळे मिटून घेतलं असतं.

"बारीक व्हता?" चाचाने विचारलं.

"हो."

"कसम?"

"माह्या बापाची."

चाचा उठायला गेला, दोरात पाय अडकून पुन्हा बसला आणि घरात ओरडला, "हलीमा! ओ हलीमा! बाहेर ये! बारीक व्हता म्हन्ते दाना! ताव बरोबर व्हता! मले दिसते, हलीमा, लाल रंग मले अजून दिसते!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. रागवायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सहा आठवडे त्याने स्वतःला आंधळा समजून काढले होते, आणि आता त्याला त्याचे डोळे परत मिळाले होते. पुंजारामाला वाटलं, थप्पड परवडली असती. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

हलीमाबी पिठाच्या हातांनी दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि तिला हसू आलं नव्हतं. "झूट चार लोकायत बोलला," ती म्हणाली, "अन् खरं बोलाले माह्या उंबऱ्यावर आला. हे तिथं सांगाले पायजे होतं, पुंजाराम. इथं कोनाले सांगतं?"

तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी तिघं गाडीने अकोल्याला आले. पेचाच्या मैदानात माणसं जमायला वेळ लागला नाही. पुंजारामाने वामनरावासमोर, खुशालरावांसमोर, बघ्यांसमोर सगळं सांगितलं. तेल, ऐरण, घाव, दाणा, काही वगळलं नाही. तेल का ओतलं, असं वामनरावाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लोक हसले म्हनून." खुशालराव आपल्या जोड्याकडे पाहू लागले. वामनरावाने पेचाचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. पोरासोरांनी त्याचं नाव 'शनवाऱ्या' पाडलं आणि ते वर्षभर टिकलं. ते त्याला लागलं नाही. जे लागायचं होतं ते पुढेच होतं.

चाचाची भट्टी पुन्हा पेटली. लोक परत आले; चाचाला जवळचं दिसत नसलं तरी त्याचा ताव चुकत नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं. चाचाने पुंजारामाला पूर्वीसारखंच बेटा म्हणून हाक मारली, भात्यावर बसवलं, तापल्या पोलादाला पाणी कसं द्यायचं ते नव्याने समजावलं. झाल्या गोष्टीचा एक शब्दही त्याने कधी काढला नाही. सामत्यांची गुंडाळीही पुंजारामाकडेच राहू दिली.

पहिल्याच आठवड्यात अकोटहून पितळेला लागणाऱ्या सामत्यांची मागणी आली. चाचाने पोलादाचा तुकडा तापवला, विझवला आणि ऐरणीवर ठेवून मोडला. पुंजारामाचा हात सवयीने पुढे आला. चाचा तुकडा मुठीत धरून थांबला. रस्त्याने पार्वताबाई माळीण डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन चालली होती. चाचाने तिला हाक मारली.

"पार्वताबाई, जरा इकडं या. हे पाहून सांगा बरं. दाना बारीक हाय का जाडा?"

तिने पाटी सावरत तुकडा डोळ्यांजवळ धरला. "बारीक हाये, चाचा. पिठीवानी."

"शुक्रिया, बाई." चाचाने तुकडा खाली ठेवला आणि कांब भट्टीत घातली. "चल बेटा, भाता मार."

पुंजारामाने पुढे केलेला हात मागे घेतला आणि भाता मारायला लागला.